कुरळ्या केसांचे न्हाण

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात, रंगाऱ्यांचा व्यवसाय आपल्या नावात आजवर जपून ठेवलेले जे देवगाव रंगारी नावाचे गाव आहे, तेथे आणि त्याच्या आसपासच्या कपाशी-मक्याच्या मुलखात, वैशाखाच्या दिवसांत पारा ४० अंशांच्या वर चढून हवेतील ओलावा पार आटून गेला म्हणजे कुरळ्या केसांच्या मुलींची आणि त्यांच्या आयांची एक जुनी तक्रार नव्याने सुरू होते. केस राठ झाले, पिंजारले, हातात मावेनात, कंगवा आत शिरेना. पुढे मृगाच्या सरी येऊन हवा दमट झाली की तक्रारीचा तपशील तेवढा बदलतो. कोरडेपणा थोडा कमी होतो, परंतु एकेक केस आपापल्या दिशेने वर उठतो आणि सकाळी घातलेली वेणी दुपारपर्यंत विस्कटून जाते. ह्यावर घरोघर चालत आलेला इलाज म्हणजे डोक्यावर तेल थापावे, बारीक दातांच्या कंगव्याने जोर लावून केस सरळ ओढावेत आणि घट्ट वेणी घालून त्यांना जखडून टाकावे. माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या दुखण्यावर हा इलाज केला जातो त्यातील निम्मे दुखणे ह्या इलाजातूनच निर्माण झालेले असते, आणि उरलेले निम्मे विहिरीच्या व बोअरच्या पाण्यातून आलेले असते. केसांचा स्वतःचा त्यात फारसा अपराध नाही.

केसाचे मूळ त्वचेतील ज्या सूक्ष्म कूपात असते तो कूप सरळ असला म्हणजे केस सरळ आणि बहुधा गोल छेदाचा निघतो. कूपच वाकलेला असला आणि त्याच्या दोन अंगांना पेशींची वाढ सारखी होत नसली, तर केस थोडा चपटा, वळसे घेत बाहेर येतो. ही घडण आईबापांच्या वारशाने मिळते, आणि कोणत्याही तेलाने वा लेपाने ती बदलत नाही. टाळूतील मेदग्रंथींतून जो नैसर्गिक स्निग्धांश पाझरतो तो सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरतो, परंतु कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणापाशी त्याची गती खुंटते, आणि म्हणून एकाच डोक्यावर मुळे तेलकट व टोके शुष्क अशी परस्परविरुद्ध स्थिती दिसून येते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो हे लक्षात घेतले तर कमरेपर्यंत पोचलेल्या केसाचे टोक पाच-सहा वर्षांपूर्वी टाळूबाहेर आलेले असते. तेवढ्या वर्षांचे ऊन, तेवढ्या वर्षांचा साबण आणि तेवढ्या वर्षांचे विंचरणे त्याने सोसलेले असते.

केसाचा बाह्य पृष्ठभाग कौलांप्रमाणे एकावर एक रचलेल्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांचा असतो. हे पापुद्रे जोवर सपाट बसलेले आहेत तोवर केस चकाकतो, शेजारच्या केसावरून घसरतो आणि आपल्या कुरळ्या बटेत सुखाने राहतो. क्षारधर्मी साबणाने, खरखरीत टॉवेलाने घासल्याने किंवा कोरड्या केसांत कंगवा ओढल्याने त्यांच्या कडा वर उचलल्या जातात, एका केसाच्या कडा दुसऱ्याच्या कडांत अडकतात, आणि त्यालाच आपण गुंता म्हणतो. केस पाण्यात भिजला म्हणजे आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत पाणी शोषून घेतो व फुगतो. त्या वेळी त्याच्या अंतर्भागातील केराटिन ह्या प्रथिनाचे काही दुर्बल बंध सुटतात आणि तो वाळताना ज्या आकारात असेल त्या आकारात ते पुन्हा जुळतात. पावसाळ्याच्या दमट हवेत हीच क्रिया न भिजताही, थोडी थोडी आणि प्रत्येक केसात निरनिराळ्या प्रमाणात घडत राहते; बटेतील केसांची एकवाक्यता मोडते व सारे मस्तक पिंजल्यासारखे दिसू लागते. तेव्हा वाळतानाचा काळ हाच कुरळ्या केसांच्या बाबतीत निर्णायक काळ होय. त्या काळात जसे वागावे तसे पुढचे दोन-तीन दिवस केस वागतात.

सरळ केस म्हणजे सुंदर आणि कुरळे म्हणजे अव्यवस्थित, ही समजूत ह्या भूमीची नाही, हे येथे सांगितले पाहिजे. ह्याच जिल्ह्यात वेरूळच्या लेण्यांत बुद्धमूर्तींच्या मस्तकांवर लहान लहान कुरळ्या वळशांच्या ओळी कोरलेल्या आहेत, आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या खांद्यांवर ज्या बटा रुळतात त्याही वळणे घेतच खाली उतरतात. दीड हजार वर्षांपूर्वी ज्या केसांना चित्रकाराने एवढ्या आदराने रंगवले, तेच केस आज शाळकरी मुलीच्या डोक्यावर असले तर तिला 'झिपरी' म्हणून हाक मारली जाते. अलीकडे मिथिला पालकर ह्या मराठी अभिनेत्रीने आपले कुरळे केस पडद्यावर जसेच्या तसे राखले, त्याने अनेक मुलींना धीर आला असेल ह्याविषयी मला शंका नाही.

आता पाण्याकडे वळू, कारण मराठवाड्यात ह्या विषयाची खरी ग्यानबाची मेख तेथेच आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपत विहिरीत व बोअरमध्ये उतरणारे पाणी वाटेत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ह्यांचे क्षार बरोबर घेऊन येते. शालेय पुस्तकांत ज्याला दुष्फेन पाणी म्हटले आहे, ते हेच. साबण लावला तर फेस येत नाही, आणि पाणी तापवण्याच्या बंबाच्या आतून पांढरा चुनखडीसारखा थर धरतो. भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्याच्या दुष्फेनतेची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरे पाणी उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅम अशी ठरवून दिली आहे. परंतु ही मर्यादा पिण्यासाठी आहे, केसांसाठी नव्हे, आणि पिण्यास निर्धोक असे पाणीसुद्धा केस राठ करू शकते. साबण आणि हे क्षार एकत्र आले म्हणजे त्यांचा न विरघळणारा चिकट साका तयार होतो व तो केसांवर बसतो. बारा बादल्या पाणी ओतले तरी तो निघत नाही, कारण जे पाणी ओतायचे तेच मुळात त्या क्षारांनी भरलेले. आपल्या घरचे पाणी कसे आहे हे पाहायचे असेल तर एका बाटलीत अर्धी बाटली पाणी घेऊन त्यात अंगाच्या साबणाचा थोडा कीस टाकावा आणि जोराने हलवावे; फेस न येता पाणी दुधाळ झाले तर ते जड पाणी समजावे. तुरटी फिरवल्याने गढूळपणा खाली बसतो, जडपणा मात्र जात नाही. हा गैरसमज फार ठिकाणी आढळतो.

ह्यावर उपाय आहे, आणि तो पाण्याच्या टंचाईच्या मुलखातही परवडेल असा आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरात 'भरपूर पाण्याने केस धुवा' हा शहरी सल्ला देणे मला योग्य वाटत नाही. सगळे न्हाण मऊ, म्हणजे क्षार कमी असलेल्या, पाण्याने करण्याची गरज नाही. फक्त शेवटचे दोन-तीन तांबे मऊ पाण्याचे असले तरी पुष्कळ काम होते. पावसाळ्यात पहिल्या एक-दोन सरींनी पत्रे आणि पन्हळी धुऊन निघाल्यानंतर पडणारे पाणी स्वच्छ भांड्यात धरून ठेवावे. निसर्गात ह्याहून मऊ पाणी मिळत नाही. इतर दिवसांत पाणी काही मिनिटे खळखळ उकळून, निवू देऊन, वरचे निवळ पाणी अलगद काढून घ्यावे. जडपणाचा जो भाग उकळल्याने साक्याच्या रूपाने खाली बसतो तो तेवढा कमी होतो. ज्यांच्या घरी शुद्धीकरणाचे यंत्र आहे किंवा जारचे पाणी येते त्यांनी त्यातीलच दोन तांबे बाजूला ठेवावेत. ह्या शेवटच्या पाण्यात लिटरमागे एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा रस घालावा. सौम्य आम्लाने साक्याचा अंश सुटतो, वर उचललेले पापुद्रे खाली बसतात आणि केस हाताला लागलीच मऊ लागतो. डोक्यावर ओरखडा किंवा जखम असेल तर मात्र हे करू नये.

केसांसाठी अंगाचा किंवा कपड्यांचा साबण कधीही वापरू नये, हे वरील विवेचनातून ओघानेच येते. शिकेकाई आणि रिठा ह्यांतील सॅपोनिन नावाची द्रव्ये जड पाण्यातही साबणासारखा साका धरत नाहीत. शिवाय शिकेकाईचा काढा किंचित आम्लधर्मी असतो, म्हणून आपल्या आज्या-पणज्यांचा हा शिरस्ता ह्या मुलखाच्या पाण्याला अनुरूपच होता. तथापि कुरळ्या केसांत शिकेकाईची पूड कालवून चोळू नये. तिचे कण वळणांत अडकून बसतात आणि ते काढण्याच्या खटपटीत केस तुटतात. चार-पाच शेंगा ठेचून, बिया काढलेले दोन रिठे व थोडा वाळलेला आवळा त्यांच्यात टाकून रात्रभर भिजत घालावे, सकाळी उकळून निम्मे करावे आणि फडक्यातून गाळून तो काढा वापरावा. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नये, कारण तो फार झोंबतो. शाम्पू वापरायचा असेल तर सौम्य घ्यावा, तांब्यातील पाण्यात कालवून पातळ करावा आणि फक्त टाळूला लावावा. खाली ओघळणारा फेस टोकांना पुरेसा असतो. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा न्हाणे पुरे.

तेलाविषयी आपल्याकडे श्रद्धा पुष्कळ आणि परीक्षा थोडी, असा मामला असला तरी एका बाबतीत परीक्षाही झालेली आहे, आणि ती महाराष्ट्रातच झाली. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले ह्यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज अशा तीन तेलांची तुलना करून २००३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. धुण्यापूर्वी किंवा धुतल्यानंतर लावले असता केसांतून वाया जाणारे प्रथिन कमी करण्याचा गुण त्यांना केवळ खोबरेल तेलात आढळला, इतर दोहोंत आढळला नाही. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. परंतु अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील वस्त्रसंशोधन संस्थेतही २००१ मध्ये खोबरेल केसाच्या अंतर्भागात शिरते आणि खनिज तेल शिरत नाही, असे सूक्ष्म उपकरणांनी दिसून आले होते, आणि त्याची मीमांसाही पटण्यासारखी आहे. खोबरेलात लॉरिक आम्लाचे आधिक्य असते. त्याचा रेणू लहान व सरळ साखळीचा असल्याने तो केसात सहज प्रवेश करतो, आणि आत जाऊन बसला की पाण्याने केस वारेमाप फुगणे व वाळताना आकसणे ह्या क्रियेला आळा बसतो. एका वस्त्रसंशोधन संस्थेने केसांकडे लक्ष द्यावे ह्यात नवल नाही, कारण लोकर आणि केस दोन्ही केराटिनचेच तंतू. आणि पाणी जड असले की तंतूवरचा रंग बिघडतो, हे रंगकाम करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

तेव्हा तेल न्हाण्याच्या आदल्या रात्री किंवा निदान तासभर अगोदर लावावे, आणि ते टाळूवर न थापता केसांच्या मधल्या भागास व टोकांस, दोन-तीन छोटे चमचे एवढेच, बोटांनी चोळून मुरवावे. टाळूवर कोंडा असेल तर तेथे तेल मुळीच ठेवू नये. कोंड्याशी संबंध असलेली सूक्ष्म बुरशी तेलातील मेदाम्लांवर पोसली जाते, आणि कोंड्याला कोरडेपणा समजून तेल वाढवत जाणाऱ्या घरांत कोंडाही वाढत जातो. मराठवाड्यात पिकणारी करडई स्वयंपाकाला उत्तम आहे. तिचे तेल न्हाऊन झाल्यावर टोकांवर एक-दोन थेंब फिरवले तर केस घसरते राहतात, परंतु खोबरेलाप्रमाणे आत शिरण्याचा गुण तिच्याकडे अपेक्षू नये.

विंचरण्याचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. सरळ केस वाळल्यावर विंचरावेत हा सर्वसाधारण नियम कुरळ्या केसांना लागू पडत नाही. ओला केस कमजोर असतो हे खरे, पण कुरळ्या केसांत कोरड्या घर्षणाने होणारी हानी त्याहून मोठी. म्हणून ते ओले असताना, आणि नुसते ओले नव्हे तर कंडिशनर लावून बुळबुळीत झालेले असताना, रुंद दातांच्या कंगव्याने किंवा नुसत्या बोटांनी मोकळे करावेत. कंडिशनरमधील द्रव्यांवर धन विद्युतभार असतो, झिजलेल्या केसावर ऋण. म्हणून जेथे केस अधिक झिजलेला तेथे ती अधिक चिकटतात. सुरुवात टोकांपासून करावी, चार बोटे वर सरकावे, पुन्हा टोकांपर्यंत यावे. वरून खाली एका दमात कंगवा ओढला की सगळे गुंते खाली जमून त्यांची एक गाठ होते, आणि ती अखेर कात्रीनेच सुटते. कंडिशनर विकत घेणे शक्य नसेल तर जास्वंदाची पाने पाण्यात कुस्करून, गाळून जो बुळबुळीत रस मिळतो तोही ह्या कामी येतो.

आणि आता ज्या जिन्नसासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. मराठवाड्याच्या रब्बीत जवस पिकते, जवसाची चटणी भाकरीबरोबर खाल्ली जाते, आणि तेच जवस पाण्यात उकळले असता जगभरच्या बाजारांत महाग बाटल्यांतून विकल्या जाणाऱ्या केसांच्या जेलच्या तोडीचे जेल घरच्या चुलीवर तयार होते. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ठेवून सतत ढवळावे. आठ-दहा मिनिटांत बियांवर फेस येऊन द्रव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताराळ होतो. त्याच क्षणी उतरवून गरम असतानाच पातळ फडक्यातून किंवा जुन्या ओढणीतून गाळावे. निवू दिले तर तो घट्ट होतो आणि मग गाळता येत नाही, येथे बहुतेकींची फजिती होते. फ्रीजमध्ये हे जेल आठवडाभर टिकते. वास बदलला की टाकून द्यावे. जवसाच्या सालीतील शर्करासाखळ्यांचा हा चिकट अंश केसावर पातळ पटल धरतो, बटेतील केसांना एकत्र बांधून ठेवतो, आणि वाळतानाच्या त्या निर्णायक काळात प्रत्येक केसाला स्वैर वागण्यास वाव राहत नाही.

लावण्याची रीतही सांगतो. शेवटचे पाणी ओतल्यावर केस टिपून न घेता, पाणी ठिबकत असतानाच, दोन्ही तळव्यांना जेल चोळून एकेक बट तळव्यांमध्ये धरून वरून खाली न्यावी. मग मान झुकवून केस ओंजळीत घेऊन हलकेच वर दाबावेत, म्हणजे वळसे जमतात. टॉवेलाऐवजी जुना सुती पंचा किंवा धुऊन मऊ झालेले धोतर घेऊन केस दाबून टिपावेत; घासू नयेत, झटकू नयेत. ह्यानंतर केस पूर्ण वाळेपर्यंत त्यांना बोटसुद्धा लावू नये. कुरळ्या केसांच्या मुलींना हे सर्वांत कठीण जाते, हे मला माहीत आहे, पण सगळे यश ह्या संयमात आहे. वाळल्यावर केस कडक वाटतील. तळव्यांना तेलाचा एक थेंब लावून ते हलके कुस्करले की कडकपणा मोडतो व वळण तेवढे राहते. ग्लिसरीन घालण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. भोवतालच्या ओलाव्याला आकर्षून घेणारे हे द्रव्य वैशाखाच्या कोरड्या हवेत केसातलाच ओलावा बाहेर ओढू शकते आणि श्रावणात केस फुगवते, म्हणून ह्या मुलखात ते टाळलेले बरे.

रात्री निजताना सुती अभ्र्यावर केस घासले जातात व ओलावाही त्यात शोषला जातो. ज्या जिल्ह्याने पैठणी आणि हिमरू ही वस्त्रे दिली त्या जिल्ह्यात रेशमाचा एखादा जुना तुकडा घरात नसेल असे नाही. जीर्ण झालेल्या रेशमी पातळाचा अभ्रा शिवावा, किंवा सैल दोन वेण्या घालून वर रेशमी फडके बांधावे.

अंडे, दही, मध ह्यांच्या लेपांविषयी थोडक्यात सांगतो. अंड्यातील प्रथिनाचे रेणू एवढे मोठे असतात की ते केसात शिरू शकत नाहीत, आणि गरम पाणी लागले तर अंडे केसातच शिजते. दह्याने क्षणिक मऊपणा येतो, त्याहून अधिक नाही. मेंदी केसाला रंग व जाडी देते परंतु कोरडेपणा वाढवते. 'काळी मेंदी' म्हणून जे विकले जाते त्यात बहुधा रासायनिक रंगद्रव्य असते व त्याने तीव्र त्वचाविकार उद्भवू शकतो. पार्लरमध्ये केस सरळ करून घेण्याच्या ज्या रासायनिक प्रक्रिया चालतात त्यांतील काहींमध्ये तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने ह्या द्रव्याची गणना मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केलेली आहे. मुलीच्या लग्नासाठी केस सरळ करून घेण्याचा बेत ज्या घरात चालला असेल त्यांनी हे एकदा वाचावे.

केस अचानक कोरडे झाले, गळू लागले आणि त्याबरोबर थकवा, वजनवाढ किंवा पाळीची अनियमितता असेल, तर तेल-जेलात वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडची मंदता आणि रक्तातील लोहाची उणीव ही दोन कारणे साध्या तपासणीत कळतात. दुभंगलेली टोके मात्र कोणत्याही औषधाने सांधत नाहीत, ती दर दोन-तीन महिन्यांनी बोटभर कापावीच लागतात.

शेवटी आयांना आणि शिक्षिकांना एक विनंती. शाळेची घंटा व्हायच्या घाईत सकाळी मुलीच्या कोरड्या केसांत बारीक कंगवा घालू नका. रात्रीच हात ओले करून, टोकांना तेलाचे बोट लावून, बोटांनी केस मोकळे करून दोन सैल वेण्या घालून ठेवा व सकाळी त्या न सोडता रिबिनी तेवढ्या बांधा. आणि वर्गात एखादीच्या केसांच्या बटा कानाबाहेर आल्या असतील तर तिला त्यावरून उभे करू नका.